पाटणादेवी ते मकबरा, मार्गे कन्नड

अंतूर किल्ल्याच्या दोनेक मैल अलीकडे एक चौकोनी दगडी खांब आहे. खांब निजामशाहीतला, सोळाव्या शतकाच्या अखेरचा. त्यावर फारसीत रस्ते लिहिलेले आहेत. या बाजूला बुऱ्हाणपूर, त्या बाजूला दौलताबाद आणि अहमदनगर. आमच्या कन्नड तालुक्यातला हा सगळ्यात उपयोगी शिलालेख आहे असे मी मानते. यात कोणत्या राजाने कोणाला हरवले याची बढाई नाही. वाटसरूला कुठे वळायचे ते सांगितले आहे, बस्स.

कन्नडच्या बसस्थानकावर आज ज्या पाट्या लागतात त्या जवळपास त्याच दिशांच्या आहेत. एका बाजूला घाट उतरून चाळीसगाव, धुळे, जळगाव. दुसऱ्या बाजूला हतनूर, वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद आणि औरंगाबाद, म्हणजे पाटीवर आता छत्रपती संभाजीनगर. फरक एवढाच की खांब एका जागी उभा राहतो आणि एसटीची पाटी गाडीबरोबर पळते.

मी इथल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. बी.एड. करून वीस वर्षे होत आली. सुट्टी लागली की पाठीवर सॅक टाकून एसटीने आसपासचे जुने दगड, लेणी, कुंडे, कबरी बघत फिरायची मला सवय आहे. सासरी सुरुवातीला याचे नवल होते. ‘पत्थर देखने कू जाती क्या?’ असे सासूबाई विचारायच्या. आता त्या स्वतःच विचारतात, ‘इस हफ्ते कौनसे पत्थर?’ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून तर घरातून होणारा शेवटचा आक्षेपही संपला. लांबचा बेत असेल तर महामंडळाचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास आहेच. चार दिवसांचा काढायचा आणि मनाला येईल तिथे उतरायचे.

एक गोष्ट जाता जाता सांगते. एसटी म्हटले की सगळे १ जून १९४८ ची पुणे–अहमदनगर गाडी सांगतात. ते बरोबरच आहे. पण आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि निजाम सरकारच्या रेल्वेने १९३२ मध्येच सत्तावीस गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली होती. मराठवाडा पुढे मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये ही इकडची सेवा आजच्या महामंडळात मिसळली. म्हणजे सरकारी बसचे कौतुक करताना आमच्याकडच्या आजोबा-पणजोबांचा हक्क जरा आधीपासूनचा आहे.

आता मुद्द्याकडे येते. आमच्या मुलांच्या डोक्यात इतिहासाचे डबे केलेले असतात. पितळखोरे आणि वेरूळ हा एक डबा, त्यावर बौद्ध आणि हिंदू लिहिलेले. पाटणादेवी दुसरा, त्यावर देवीचे देऊळ. खुलताबाद आणि मकबरा तिसरा, तो ‘आपला’. गौताळ्याचे जंगल तर इतिहासातच येत नाही, ते भूगोलात. मी हे आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांचे सांगते आहे. पलीकडच्या मराठी शाळेत जाऊन विचारले तर डबे तेच निघतील, फक्त ‘आपला’ हा शब्द दुसऱ्या डब्यावर चिकटवलेला असेल. डबे मोटारीने फिरणाऱ्यालाही तसेच दिसतात, कारण तो एका ठिकाणाहून उठून दुसऱ्या ठिकाणी उतरतो, मधे काच वर. एसटीत मधला रस्ता चुकवता येत नाही. प्रत्येक फाट्यावर थांबते, माणूस चढतो, कोंबडी चढते, भाजीची पोती चढतात. दहा-बारा वेळा असे गेल्यावर माझ्या ध्यानात आले की ही सगळी ठिकाणे एकाच वाटेवरची आहेत, आणि वाट होती म्हणूनच ती आहेत.

पितळखोऱ्यापासून बघा. एसटी लेण्यांपर्यंत जात नाही. काळीमठाच्या बाजूने रिक्षा किंवा कोणाची तरी जीप, आणि शेवटी पायऱ्या उतरून दरीत. पावसाळ्यात शेजारी धबधबा कोसळत असतो आणि त्याचा आवाज लेण्यात घुमतो. चौदा लेणी आहेत, सगळ्यात जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, म्हणजे कैलास लेण्याहून हजारेक वर्षांनी वडील. इथला दगड ठिसूळ, त्यामुळे दर्शनी भाग बराचसा ढासळला आहे. तरीही चौथ्या लेण्याच्या चौथऱ्यावरची हत्तींची रांग पाहिली की पाय तिथेच थांबतात. तिसऱ्या लेण्याच्या खांबांवर पाचव्या-सहाव्या शतकातली रंगीत चित्रे पुसट का होईना अजून आहेत. म्हणजे सात-आठशे वर्षे माणसे इथे येत राहिली.

येत राहिली ती कुठून? हे इथल्या ब्राह्मी लेखांतच आहे. एका खांबाचे दान पैठणच्या मितदेव नावाच्या गंध्याचे आहे. गंधी म्हणजे अत्तर, सुगंधी द्रव्ये विकणारा. एक दान मगिल नावाच्या राजवैद्याचे आहे, आणि त्याच्या मुलीचे वेगळे. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे मुद्दाम सांगते, की दोन हजार वर्षांपूर्वीच्या या दरीत एका डॉक्टरच्या मुलीचे नाव स्वतंत्र कोरलेले आहे. १९५०च्या दशकात म. न. देशपांडे यांनी इथला मलबा उपसला तेव्हा यक्षाची एक बुटकी, हसरी मूर्ती सापडली. तिच्या हातावर लिहिलेले आहे की ही कण्हदास सोनाराने घडवली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कारागिराने आपले नाव लिहिण्याची जागा शोधली तर कुठे, यक्षाच्या हातावर!

पैठणचा अत्तरवाला एवढ्या आडदरीत खांब कोरायला पैसे का देतो? कारण ती तेव्हा आडदरी नव्हती. पैठणहून निघालेला माल सातमाळ्याची ही रांग ओलांडून खाली खानदेशात, तिथून पुढे नर्मदेकडे आणि भडोचच्या बंदराकडे जाई. डोंगराच्या कडेला, उतार सुरू होण्याआधी, मुक्कामाची जागा लागे. भिक्खूंना दान मिळे, व्यापाऱ्याला छप्पर आणि पाणी मिळे. आजच्या भाषेत घाटाच्या तोंडाशी असलेला थांबा. खुलताबादच्या उरुसात अत्तराच्या छोट्या बाटल्यांच्या रांगा लावून बसलेले विक्रेते पाहिले की मला मितदेव आठवतो. गिऱ्हाइकाच्या मनगटावर कापसाचा बोळा फिरवण्याचा धंदा फार जुना आहे आमच्या रस्त्यावर.

पितळखोऱ्याच्या दरीचे पाणी खाली पाटण्याकडे उतरते. वरून बघताना पाटणे पायाशी वाटते. पाय धड असतील आणि वनखात्याची परवानगी असेल तर काही किलोमीटरची वाट. पण मधे कडा आहे, अभयारण्य आहे आणि जिल्ह्याची हद्द आहे. पितळखोरे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, पाटणे जळगाव जिल्ह्यात. म्हणून एसटीवाल्या माणसाला परत कन्नडला यायचे, चाळीसगावची गाडी धरायची, तीसेक किलोमीटरचा रस्ता घाटासह उतरायचा आणि चाळीसगावहून पुन्हा अठरा किलोमीटर डोंगराकडे. दिवस जातो. हा वळसा मला आवडतो, कारण घाट बघायला मिळतो.

घाटाचे नाव औट्रम घाट. जेम्स औट्रम हा कंपनी सरकारचा अधिकारी. १८२५ मध्ये त्याला खानदेशात पाठवले ते भिल्लांचा बंदोबस्त करायला. त्याने डोंगरातल्या भिल्लांशी लढता लढता त्यांनाच पलटणीत भरती केले आणि भिल्ल कोअर उभी केली. भिल्ल एजन्सीचे एक ठाणे कन्नडला होते. पुढे हा औट्रम लखनौला १८५७ च्या लढाईत नाव कमावून बसला. गंमत अशी की १९८६ मध्ये इथे अभयारण्य झाले तेव्हा सरकारने त्याला नाव दिले गौताळा औट्रमघाट अभयारण्य. गौतम ऋषी आणि साहेब एका पाटीवर. शहरांची, स्टेशनांची, विमानतळांची नावे बदलण्याच्या या दिवसांत औट्रमसाहेब कोणाच्याच नजरेत आलेला नाही. मी तरी कोणाच्या नजरेत आणून देणार नाही. ज्या भिल्लांची ही वाट होती त्यांचे नाव पाटीवर यावे असे मात्र वाटते.

जंगलाबद्दल थोडेच सांगते. पावसाळ्यात गौताळा बघावा, उन्हाळ्यात बघू नये, हिरमोड होतो. मार्च २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ शेकडो मैल चालत इथे आला. कित्येक दशकांनंतर गौताळ्यात वाघ दिसला. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला, घाटात दरडी कोसळल्या, खाली चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी बाजारात शिरले. घाट बंद पडला. घाटाखाली दिलेल्या मुली, घाटावर नोकरीला असलेले बाप, दोन्हीकडे दवाखाना असलेले डॉक्टर, सगळे अडकले. रस्ता बंद झाल्यावर कळते की कन्नड आणि चाळीसगाव किती एकमेकांत गुंतलेले आहेत. २०२३ पासून न्यायालयाच्या आदेशाने जड वाहने घाटातून बंद आहेत. बोगद्याची चर्चा सुरूच आहे.

आता पाटणे. नवरात्रात इथे यात्रा भरते, एरवी शांत असते. डोंगर तीन बाजूंनी, मधे चंडिकादेवीचे यादवकालीन देऊळ. आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या आईने सहलीच्या वेळी विचारले होते, ‘टीचर, देवी के मंदिर में बच्चियाँ कायकू?’ मी म्हटले, बाजी, मंदिरात नाही, मदरशात. तिथे आठशे वर्षांपूर्वी गणिताचा मदरसा होता. ती हसली, पण सही केली.

मी थट्टा करत नव्हते. पाटण्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ च्या सुमारास जगापुढे आणला. लेख शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६–०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. त्याने इथे मठ स्थापन केला, तो आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. भास्कराचार्य १११४ सालचे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला, लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग. स्थानिक निकुंभ घराण्यातल्या सोईदेव आणि हेमाडिदेव या सामंतांनी मठाला दाने दिली.

मराठीची शिक्षिका म्हणून मला या लेखाचा शेवट जास्त महत्त्वाचा वाटतो. वर संस्कृतात वंशाची, विद्येची स्तुती आहे. आणि जिथे पैशाचा विषय निघतो तिथे लेख मराठीत येतो! बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा हक्क मठाला, गिऱ्हाइकाकडून सुपाऱ्या, घाण्यामागे तेल. मराठीच्या सगळ्यात जुन्या लेखांत याची गणना होते. स्तुती कोणत्या भाषेत करावी हा राजाचा प्रश्न, पण तेल्याकडून तेल घ्यायचे तर तेल्याला कळले पाहिजे. म्हणजे आपल्या मराठीच्या अगदी सुरुवातीच्या ओळींत एका शाळेच्या खर्चाची तरतूद आहे. मराठी मुसलमानांना ‘तुमची भाषा कोणती’ असे अजून विचारले जाते. मला विचारले की मी घाणा आणि सुपारी सांगते. ज्यांच्या दुकानातून त्या गेल्या त्यांची ती भाषा, आणि माझे माहेर तेली गल्लीतलेच.

तर मुलींना देवळाच्या ओट्यावर बसवले आणि लीलावतीतले भुंग्यांचे गणित घातले. थव्यातला पाचवा हिस्सा एका फुलावर, तिसरा हिस्सा दुसऱ्यावर, या दोन हिश्श्यांच्या फरकाची तिप्पट तिसऱ्या फुलावर, आणि एक भुंगा नुसता हवेत. एकूण किती? उर्दूत भौंरे म्हणून सांगितले. सहावीच्या एका मुलीने बोटांवर पंधरा सांगितले, कसे ते तिलाही सांगता येईना. मग मी लीलावतीची गोष्ट सांगितली. ती सगळ्यांना ठाऊक आहे. भास्कराचार्यांची लेक, लग्नाचा मुहूर्त, घटिकापात्रात मोती पडून बुजलेले छिद्र, टळलेली वेळ, आणि तिच्या सांत्वनासाठी बापाने तिच्या नावाने केलेला ग्रंथ. मराठी घरांत आजी सांगते ती ही गोष्ट.

ही गोष्ट भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. ती लिहून ठेवलेली पहिल्यांदा सापडते ती फारसीत. अकबराच्या सांगण्यावरून १५८७ मध्ये अबुल फजलचा भाऊ फैजी याने लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत. फैजीने ती कोणाकडून तरी ऐकली असणार, पण आपल्यापर्यंत ती पोहोचली त्याच्या लेखणीतून. पाटण्याच्या ओट्यावर बसून जी गोष्ट सगळ्यात ‘घाटाखालची’ वाटते ती दरबारातल्या एका मुसलमान शायराने जपली. पुढे १५९१ मध्ये अकबराने याच फैजीला दख्खनमध्ये वकील म्हणून पाठवले, आधी बुऱ्हाणपूरला खानदेशच्या फारुकी सुलतानाकडे आणि मग अहमदनगरला निजामशाहकडे. अंतूरच्या खांबावर जी दोन नावे आहेत, तीच ही दोन ठाणी.

घाट चढून परत कन्नड. चहा, वडापाव, आणि औरंगाबादची गाडी. साठेक किलोमीटरच्या या रस्त्याला खरे तर चार दिवस द्यावेत. वेरूळबद्दल इथे लिहीत नाही, त्यावर इतके लिहिले गेले आहे की मी भर घालण्यासारखे काही नाही. वेरूळच्या वरच खुलताबाद.

खुलताबादला मी लहानपणापासून जाते, अब्बांबरोबर उरुसाला, आणि आता मुलींना घेऊन. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून वातावरण तापले, पोलीस बसले, येणाऱ्याचे नाव लिहून घेऊ लागले. त्या महिन्यात आमच्या घाटावरच्या आणि घाटाखालच्या नातेवाइकांचे फोन एकच विचारायचे, ‘सब ठीक है ना?’ त्या वादात मी जात नाही, तो वर्तमानपत्रांत पुरेसा झाला. मला वाईट वाटले ते वेगळ्या कारणासाठी. खुलताबाद म्हटले की लोकांना एकच कबर आठवते, आणि तिच्या अवतीभोवतीचे सगळे गाव पुसले जाते. औरंगजेबाची कबर तिथे आहे ती जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात, त्यांच्या पायाशी. बादशहा १७०७ मध्ये गेला, जैनुद्दीन १३६९ मध्ये. समोरच्या दर्ग्यात बुऱ्हाणुद्दीन गरीब, त्यांचे निधन १३३७ चे. गावाबाहेर मलिक अंबर, ज्याने १६१० मध्ये खडकी वसवली, तीच पुढची औरंगाबाद. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, आणि दिल्लीच्या फौजांना त्याने वर्षानुवर्षे याच डोंगरांत दमवले.

बुऱ्हाणुद्दीन गरीब दिल्लीहून आले, मुहम्मद तुघलकाने दौलताबादला राजधानी केली त्या काळात. त्यांच्या नावावरून खानदेशच्या फारुकी सुलतानांनी तापीच्या काठी शहर वसवले ते बुऱ्हाणपूर. नदीच्या पलीकडच्या काठावर जैनुद्दीनांच्या नावाने जैनाबाद. म्हणजे अंतूरच्या खांबावर ‘बुऱ्हाणपूर’ लिहिणाऱ्याने घाटाखालच्या शहराचे नाव लिहिले, पण ते नाव मुळात घाटावर झोपलेल्या एका फकिराचे. खानदेशचे सुलतान खुलताबादच्या दर्ग्याला मानत, तर नावे घाट उतरून खाली गेली. चांगदेवाचे आजोबांवरचे प्रेम घाटाखाली राहिले आणि तो स्वतः नोकरीला घाटावर, देवगिरीला. वाटेवरचे सगळे असेच. १६३१ मध्ये मुमताज महल बुऱ्हाणपूरला वारली तेव्हा तिला पहिल्यांदा पुरले ते याच जैनाबादेत. ताजमहाल नंतरचा.

खुलताबादहून घाटी उतरली की दौलताबाद. इथे एसटी किल्ल्याच्या बाहेरच्या तटातून, दिल्ली दरवाजातून जाते. समोरून ट्रक आला की दोघेही अडतात, कंडक्टर उतरतो, शिट्ट्या वाजवतो, मागच्या गाड्या भोंगे वाजवतात. या दरवाजातून इब्न बतूताही आत शिरला असेल असे मी मुलींना सांगते तेव्हा त्या खिडकीतून दरवाजाकडे न बघता ट्रककडे बघत असतात. हा मोरोक्कोचा माणूस १३४० च्या दशकात दौलताबादला आला, इथल्या मराठ्यांबद्दल, त्यांच्या खाण्यापिण्याबद्दल लिहिले, आणि पुढे नंदुरबारला गेला. दौलताबादहून नंदुरबारला जायचे तर मधे आमचाच डोंगर. पाठीवर बोचके घेऊन वाटेत मिळेल त्या वाहनाने हिंडणाऱ्यांचा तो खरा पीर.

आणि शेवटी मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये वारली, तिची ही कबर. लोक ताजमहालाची नक्कल म्हणून नाक मुरडतात. मला तर मागे डोंगर असलेला हा मकबरा ताजपेक्षा घरचा वाटतो. पण बघायचे असते ते घुमटाच्या आधी, मुख्य दरवाजावर. दरवाजाच्या पितळी पत्र्यावर दोन नावे आहेत: मेमार अताउल्लाह आणि त्याच्याबरोबर काम करणारा हंसपतराय.

हा अताउल्लाह कोण? ताजमहालाचा मेमार उस्ताद अहमद लाहोरी याचा मुलगा. या घराण्याची हकीकत विसाव्या शतकात सय्यद सुलेमान नदवी यांनी उजेडात आणली. अताउल्लाहचा भाऊ लुत्फुल्लाह मुहंदिस याचा दिवान त्यांच्या हाती लागला, त्यात बापाने बांधलेल्या इमारतींचा उल्लेख आहे. या घरात सगळेच मुहंदिस, म्हणजे भूमितीवाले, इंजिनिअर. आणि अताउल्लाह रशीदीने १६३४–३५ मध्ये, मकबऱ्याच्या पंचवीस वर्षे आधी, शाहजहानला अर्पण करून एक पुस्तक फारसीत आणले होते. भास्कराचार्यांचे बीजगणित.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी नकाशा काढून बसले. पाटण्याचा मठ, जिथे चांगदेवाने आजोबांचे बीजगणित शिकवायची सोय केली, आणि औरंगाबादचा मकबरा, ज्याच्या मेमाराने तेच बीजगणित उल्था केले. दोन्हींच्या मधे साडेचारशे वर्षे, आणि एसटीने शंभरेक किलोमीटर, मधे एक गाडी बदलायची. पुस्तक काही पाटण्याहून घाट चढून मकबऱ्यात आले नाही. ते हस्तलिखितांतून सगळ्या हिंदुस्थानात गेले होते, अताउल्लाहने ते उत्तरेत वाचले. पण त्याला बांधकामासाठी आणले ते नेमके या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. मिनारांची उंची, घुमटाचा गोल, पाण्याचा उतार, हे सगळे मांडताना त्याच्या डोक्यात जे गणित होते त्यात पाटण्याचाही वाटा होता.

आमच्या पाठ्यपुस्तकात भास्कराचार्य एका धड्यात आहेत आणि मकबरा दुसऱ्या पुस्तकात. मधे कोणी गाडी सोडलेली नाही. म्हणून शाळेची सहल मी आता याच क्रमाने नेते. पहिल्या दिवशी पाटणे, दुसऱ्या दिवशी खुलताबाद आणि मकबरा. पालकांना दोन्हींची परवानगी एकाच कागदावर मागते, म्हणजे एक ठेवून दुसरे खोडता येत नाही.

गेल्या खेपेला दरवाजासमोर मुली बऱ्याच वेळ उभ्या राहिल्या. पितळेवरची अक्षरे बारीक आहेत, ऊन त्यावरून घसरते, त्यामुळे मान तिरकी करून वाचावे लागते. अता आणि अल्लाह त्यांना लगेच जुळले, उर्दू वाचणाऱ्यांना ते सोपे. दुसऱ्या नावाला वेळ लागला. हंसपतराय वाचून झाल्यावर ती भुंग्यांचे गणित सोडवणारी मुलगी म्हणाली, ‘टीचर, अताउल्लाहने बीजगणित केलं होतं, मग याने काय केलं?’ मी उत्तर देईपर्यंत तिच्या मैत्रिणीने परस्पर निकाल लावला, ‘अगं, हिशोब पडताळायला दुसरं कोणी लागतंच ना.’ कन्नडची गाडी पाच वाजता होती आणि मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत रिक्षा करायच्या होत्या, तेव्हा आम्ही तिथून निघालो.